तोंड मिटलेलं तरस

केनियात एका मोठ्या सरोवराकाठी एक शाळा होती आणि त्या शाळेत घरची लुओ भाषा बोलायला बंदी होती. तरी सातवीतल्या आवुओरनं तरसाच्या नि सशाच्या गोष्टीचं नाटक लुओतच बसवलं, कारण बघायला येणार होत्या मासळी विकणाऱ्या आया. ऐन खेळाच्या वेळी तपासनीस ओगोलासाहेब येऊन पुढ्यात बसले. म्हणाले, "पोरी, लुओचा एक शब्द कानावर आला, की शाळेतून तुझं नाव कमी."

आवुओरचा जीव थाऱ्यावर राहीना. इंग्रजीत खेळ केला तर आयांना कळणार काय, कपाळ? ती नुसती आत-बाहेर करत राहिली. शेवटी सोबतच्या पोरांना म्हणाली, "तोंडं मिटून खेळ करा रे. गोष्ट आयांनीच तर सांगितलीय आपल्याला."

तरस लंगडत आलं, पण गप्प. सशापुढे थांबलं, तरी गप्प. बायांना कुठला धीर धरवतोय? एक म्हणाली, "अरे, विचार ना त्याला, मटण कुठं लपवलंस?" दुसरीनं सशाचं उत्तर दिलं आणि बघता बघता सगळं अंगण लुओत बोलायला लागलं.

साहेब ताडकन उठले. "झालं. आता नाव कमी."

"कुणाचं, साहेब?" आवुओर म्हणाली. "आम्ही तर ओठही हलवला नाही. बोलल्या त्या आया. त्यांचं नाव शाळेत कधी कुणी घातलंच नाही, मग कमी कुठून करणार?"

साहेब तिच्याकडे वळले. तेवढ्यात मागून एक म्हातारी लुओत खेकसली, "बस रे पोरा खाली, तरस दिसेना आम्हाला."

आणि साहेब बसले.