नळीचं ऐकतो कोण

यंत्रं बोलायची तेव्हाची गोष्ट. एका लॅबमध्ये सरजाबाई नावाच्या म्हातारीच्या रक्ताची नळी आली. वाटेत स्कूटरच्या डिकीत तापून, आदळून आतलं रक्त पार नासलं होतं.

नळी रिपोर्ट काढणाऱ्या संगणकाला म्हणाली, "दादा, मला तपासू नका. रिपोर्ट खोटा येईल आणि धडधाकट म्हातारीला नको ती औषधं टोचतील."

"चिठ्ठीवरचं नाव जुळतंय ना? मग गप उभी राहा."

"अहो, चिठ्ठी अंगावर आहे, रक्त पोटात आहे. पोटातलं बघा की."

"ते माझं काम नाही," म्हणत त्यानं रिपोर्ट धाडला.

म्हातारी टोचून टोचून अर्धमेली झाली, तेव्हा डॉक्टर जाब विचारायला आले. त्या निर्लज्ज संगणकानं लगेच छापून दिलं, 'नळीतलं रक्त खराब होतं.'

कचऱ्याच्या डब्यातून नळी म्हणाली, "मेल्या, मी दुसरं काय सांगत होते?"