मुसकं आणि तोबरा

खळ्यावर बैलांच्या पायांनी मळणी व्हायची, तेव्हाची ही गोष्ट. पवळ्या बैल दिवसभर कणसं तुडवायचा, आणि त्यानं दाणाही खाऊ नये म्हणून धनी त्याच्या तोंडाला मुसकं बांधायचा. एके दुपारी मुसकं बांधताना पवळ्यानं शिंग उगारलं. धन्यानं पाठीवर आसूड ओढला.

शेजारी धन्याचा घोडा तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातून हरभरे खात होता. घास गिळून तो म्हणाला, "मारका झालास रे पवळ्या! मारामारीनं कुणाचं भलं झालंय?"

"कुणाचंच नाही, घोडेदादा," पवळ्या दमून म्हणाला. "पण तोंडाला तुमच्याही बांधलंय, माझ्याही. तुमचं खाता यावं म्हणून, माझं खाता येऊ नये म्हणून. ती मारामारी तुम्हाला दिसली नाही?"

घोडा उत्तर देणार होता, पण हरभरे अजून संपले नव्हते.