शेवटच्या पानावरची नावं

फार फार वर्षांमागं, तुमच्या-माझ्या खापरपणज्यांचाही पत्ता नव्हता तेव्हा, दूर बर्फाच्या डोंगरांत आर्मेनी लोकांचा एक मठ होता. मठात ग्रंथ तयार होत. तयार होत म्हणजे छापखान्यातून भराभरा बाहेर पडत नसत, बाळांनो! एकेक अक्षर हातानं लिहायचं, एकेक चित्र हातानं रंगवायचं. एक मोठा ग्रंथ पुरा होईतो लिहिणाऱ्याची काळी दाढी पांढरी व्हायची.

पानं असायची वासराच्या कातड्याची. कातडं चुन्यात भिजवायचं, ताणायचं, खरवडायचं, पुन्हा ताणायचं. मठातले साधू काही गुरं पाळत नव्हते. कातडी द्यायचे डोंगराखालच्या गावातले लोक, आपल्या गोठ्यातलं वासरू कापून, पोटाला चिमटा काढून.

फुकट मात्र नाही हं. त्या मुलखाची एक रीत होती. ज्यानं कातडं दिलं, त्याच्या घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव ग्रंथाच्या शेवटच्या पानावर लिहायचं. ग्रंथ वाचून संपला की वाचणाऱ्यानं ती नावं मोठ्यानं म्हणायची आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. गावात कोणालाच वाचता येत नव्हतं. पण आपलं माणूस त्या पानावर आहे, कोणीतरी त्याला हाक मारतंय, एवढ्यावर त्यांचं मन शांत होई.

मठात एक थोरला लेखक होता. हात असा, की अक्षर बघून मोत्यांनी लाजावं. आणि ताठा असा, की मान कधी खाली म्हणून नाही. त्यानं आयुष्यभर खपून एक ग्रंथ लिहिला. गवताच्या मुळांवरचे किडे वाटून केलेल्या किरमिजी रंगानं त्यात डाळिंबं रंगवली, निळ्या रंगानं मोर रंगवले. डोळे अधू झाले, बोटं वाकडी झाली, तरी तो थांबला नाही. त्या ग्रंथावर त्याचा जीव होता, हे मला सांगितलंच पाहिजे. बायको नाही, पोर नाही, जे काय होतं ते हेच.

शेवटी कातडी कमी पडली. तेव्हा गावातली एक विधवा चढण चढून वर आली. तिचं एकच वासरू होतं, त्याचं कातडं तिनं पाठीवर आणलं होतं. त्या हिवाळ्यात तिची लेक तापानं गेली होती.

"बाबा, माझ्या लेकीचं नाव लिहा," ती म्हणाली. "मागं तिला आठवणारी मी एकटीच. मी गेले की संपलंच सगळं."

"लिहितो, बाई, लिहितो," लेखक म्हणाला. तिनं नाव सांगितलं. त्यानं ते कोळशानं एका खापरीवर टिपलं आणि खापरी कोपऱ्यातल्या ढिगात टाकली. गावातल्या सगळ्यांच्या मेलेल्यांची नावं अशीच त्या ढिगात पडलेली होती.

तेवढ्यात आला त्या मुलखाच्या सरदाराचा कारभारी. ग्रंथाला चांदीचं वेष्टण सरदार देणार होते, तेव्हा शेवटच्या पानावर सरदारांचं नाव, कुळ, पराक्रम आला पाहिजे. बरोबरच आहे, ज्याची चांदी त्याची वाहवा! लेखकानं लिहिलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली अजून बरीच जागा होती, गावाची नावं सहज मावली असती. पण ती गुराख्यांची, परटांची, तेलणींची खरबरीत नावं त्या देखण्या पानावर त्याला बघवेनात. त्यानं त्या जागी द्राक्षाचा वेल काढला.

मठाचे वृद्ध प्रमुख होते, त्यांना सगळे वडील म्हणत. त्यांनी पान पाहिलं. "आणि गावाची नावं?"

"पुढच्या ग्रंथात घालू, वडील. घाई काय आहे? मेलेली माणसं कुठं पळून चाललीत?"

"जिवंत माणसाला ताटकळत ठेवलंस तर तो निदान शिव्या तरी देतो," वडील म्हणाले. "मेलेल्याला ती सोय नाही. असं करू नकोस."

लेखकानं कानाडोळा केला. खोली झाडताना त्यानं खापऱ्यांचा ढीग उचलला आणि कड्यावरून खाली ओतला.

ग्रंथ पाहायला गाव लोटला. बायाबापड्यांनी लांबूनच शेवटच्या पानाला हात जोडले. ती विधवा तर वेलाकडेच बोट दाखवून म्हणाली, "तिथं असेल माझी लेक." लेखक शेजारीच उभा होता. त्यानं ग्रंथ मिटला.

पुढच्याच वर्षी लुटारूंचं सैन्य त्या खोऱ्यात उतरलं. सरदारानं घोड्याला टाच मारली, तो पुन्हा दिसलाच नाही. मठ जळाला. वडील दारातच मारले गेले. लेखक तेवढा धुरातून सरपटत बाहेर पडला आणि गावात येऊन पोचला. गावही अर्धं जळालं होतं. पण ज्यांच्या घराला छप्पर उरलं होतं, त्यांनी त्याला आत घेतलं, भाकरी दिली.

आता त्या मुलखाची दुसरी रीत ऐका. तिथले लोक ग्रंथ लुटला गेला असं म्हणत नसत, ग्रंथ कैद झाला म्हणत. आणि कैद झालेलं माणूस जसं खंडणी भरून सोडवायचं, तसाच ग्रंथही सोडवायचा. लुटारूंनाही हे पक्कं ठाऊक होतं. त्यांचा नायक भर दुपारी गावाच्या चावडीपाशी आला आणि घोंगडी पसरून त्यानं दोन ग्रंथ मांडले. एक लेखकाचा, चांदीनं मढवलेला. दुसरी एक जुनी प्रार्थनेची पोथी, कडा जळलेली, धुरानं काळी झालेली.

गावानं होतं नव्हतं ते आणून ओतलं. तांब्याची भांडी आली, कानातली आली, कोणी अंथरायची सतरंजीसुद्धा आणली. नायकानं पायानं ढीग चाळवला आणि हसला.

"ह्यात एकच मिळेल. कुठला घेता ते सांगा. राहील त्याच्या पानांचे आम्ही जोड्यांचे तळवे करू. कातडं चांगलं आहे."

 लेखक लोकांच्या पाया पडू लागला. "माझा ग्रंथ सोडवा! असा ग्रंथ पुन्हा होणे नाही. माझे डोळे गेले रे त्याच्यापायी!"

लोकांनाही तो हवा होता. त्यांची वासरं त्यात होती. गावचा म्हातारा पाटील म्हणाला, "सोडवू, बाबा. पण ह्या जुन्या पोथीत आमच्या आज्या-पणज्यांची नावं आहेत. त्यांना टाकून द्यायचं म्हणजे बदल्यात काय राखतोय ते कानांनी ऐकू दे. शेवटचं पान वाचा."

नायकानं पान उघडून पुढं धरलं. लेखकानं सरदाराचं नाव वाचलं. स्वतःचं वाचलं. आणि तिथंच अडला, कारण पुढं नुसता वेल होता.

खोटं बोलणं सोपं होतं. वाचता येत होतं कोणाला? नावं तोंडानं म्हणायची, झालं. लेखकानं तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की त्याला एकही नाव आठवत नाही. एकही! माणसं समोर उभी होती, त्यांची भाकर पोटात होती, आणि त्यांच्या मेलेल्यांपैकी एकाचंही नाव त्याच्या डोक्यात नव्हतं.

विधवा पुढं आली. "माझ्या लेकीचं वाचा, बाबा. तेवढं ऐकू द्या, मग मी ही ओढणीसुद्धा देते."

 त्या मुलखात घरोघर असतं ते नाव लेखकानं घेतलं.

"मरियम," तो म्हणाला.

 बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव मरियम नव्हतं."

मग मागून एकजण म्हणाला, "माझ्या बापाचं वाचा." दुसरा म्हणाला, "माझ्या भावाचं." लेखकानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाटलानं वाकून ती काळी पोथी उचलली आणि छातीशी धरली.

नायकानं ग्रंथाची चांदी तिथंच उचकटली. पानं घोडेस्वारांत वाटली. डाळिंबं, मोर, मोत्यांसारखी अक्षरं सुरीनं पायाच्या मापात कापली गेली. लेखक ते बघत बसला होता, आणि त्याला कोणी उठवायला गेलं नाही.

संध्याकाळी विधवा पोथी घेऊन त्याच्याकडे आली. मायेनं नव्हे, गावात लिहिता येणारा तोच एक उरला होता म्हणून. शेवटच्या पानावर चार बोटं जागा होती.

"गोहार," ती म्हणाली. "गोहार होतं तिचं नाव. आता लिहा, माझ्यासमोर."

त्यानं काजळी कालवून लिहिलं. बाईच्या मागं गाव ओळीनं उभा होता. एकेकानं नाव सांगितलं, एकेक नाव तो लिहीत गेला, आणि पान भरलं. तुमचंही लिहा, असं त्याला कोणी म्हणालं नाही. आपण होऊन लिहायची त्याची छाती झाली नाही. हिवाळा संपायच्या आत तो मेला.

ती पोथी पुढं आलेल्या साधूंनी कितीतरी पिढ्या वाचली, आणि दर वेळी लोक गोहारसाठी प्रार्थना करत आले. लेखकाचं नाव काय होतं, असं मला विचाराल तर मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही.

तात्पर्य: ज्यांच्या त्यागावर आपलं काम उभं असतं त्यांची नावं जो पुसतो, त्याचं काम वाचवायला कोणी येत नाही.