समजा वारा पडला तर

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. मधल्या बेटावरचं म्हातारं इंजिन दोन्हीकडची दळणाची जाती फिरवायचं. त्याचा कोळसा संपत आला, तशी अलीकडे पवनचक्की आली, पलीकडे पाणचक्की.

“पोरींनो, समजा वारा पडला तर? नदी आटली तर?” इंजिनानं खोकत विचारलं.

“बाबा, अशुभ बोलू नका!” पवनचक्की चिडली.

“बोलल्यानं वारा पडत नाही गं. न बोलल्यानं भाकरी मात्र थांबते.”

तिनं नाइलाजानं बेटावरून पाणचक्कीच्या चाकाशी आपला पट्टा जोडला. मग इंजिन शांतपणे थंड झालं.

आश्विनात वारा खरंच पडला. तरी पलीकडच्या पाण्यावर अलीकडचं जातं फिरत राहिलं.

पवनचक्कीनं हळूच विचारलं, “बाई, समजा चैत्रात तुझी नदी आटली तर?”

“तेव्हा तू फिर. पण समजा दोघीही थांबलो तर?”

“थांब, बाई,” पवनचक्की म्हणाली, “यावर नीट बोलू.”