दवंडी न पिटलेला हुकूम

पूर्वी वेत्रपूर नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गजवैद्यांच्या कुळात सोमिल या नावाने जन्मला होता. राजाचे हत्ती त्याच्याच देखरेखीखाली असत. त्या वर्षी राजाची लाडकी हत्तीण मंगला गाभण होती, आणि तिचे लाड काय वर्णावे! गजशाळेत वाळूवर तीन पदरी गवत अंथरलं होतं. चुलीवरचं गरम पाणी कधी उतरत नसे. दशमुळांचा काढा, तिळाचं तेल, ओव्याची धुरी, सगळं वेळच्या वेळी. या लाडांबद्दल माझी तक्रार नाही. मुक्या जिवाची आबाळ कुणी करू नये. तक्रार पुढे आहे.

त्याच पावसाळ्याअखेरीस वरची नदी पात्र सोडून निघाली आणि अकरा गावं बुडाली. माणसं जीव घेऊन वेत्रपूरच्या तटाशी आली. पुरुषांना आत घेतलं, कारण नगराचा बांध उंच करायला हात हवे होते. बायका आणि पोरं मात्र तटाखाली चिखलात राहिली. त्यांना धान्य दिलं, घोंगड्या दिल्या. अमात्य पिंगल दरबारात म्हणाला, "महाराज, कुणाला काही कमी पडू दिलेलं नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या!

बायका बाहेर का ठेवल्या? तर मंगलेसाठी. नगरातल्या ज्योतिष्यांनी सांगितलं होतं की राजहत्तीण मोकळी होईपर्यंत माणसाच्या सोयराची सावली तिच्यावर पडता कामा नये. सोयर म्हणजे मूल जन्मल्यावर घराला दहा दिवस लागणारं अशौच. म्हणून दिवस भरलेली बाई आत यायची नाही, ती ओळखायची कशी म्हणून एकही बाई यायची नाही, आणि सुईण बाहेर जायची नाही, कारण परतताना ती सोयर घेऊन येईल. वा रे शहाणे! हत्तिणीला वैद्य, घोड्यांना वैद्य, आणि तटाखाली एकही सुईण नाही, तापलेल्या तान्ह्याला एक चाटण नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेत्रपुरात जुना रिवाज होता की राजाचा कोणताही हुकूम चार चौकांत दवंडी पिटल्याशिवाय लागू होत नसे. हा हुकूम मात्र दवंडीवाल्यापर्यंत आलाच नाही. तो पिंगलाने द्वारपालांच्या कानात सांगितला होता. आठ दिवस तो तसाच चालला, आणि त्या आठ दिवसांत तटाखाली दोन बाया गेल्या.

बोधिसत्त्व आठ दिवस मंगलेपाशीच होता. नवव्या दिवशी सकाळी वडाचा पाला आणायला तो बाहेर पडला, तेव्हा त्याला तटाखाली पुरातून आलेली, दिवस भरलेली उत्पला दिसली. ओल्या घोंगडीवर ती आडवी पडली होती. तिची आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"कालपासून कळा देतेय," आत्या म्हणाली. "आता पोरीत जीव उरला नाही."

बोधिसत्त्व थबकला. उत्पलेने डोळे उघडून त्याच्या हातातला अंकुश पाहिला.

"वैद्यबुवा, तुम्ही हत्तींचे ना?" ती म्हणाली. "मग मलाही हत्तीणच समजा. जड तर तेवढीच झालेय."

त्याने तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा उतरला. मूल आडवं आलं होतं. उन्हं कलायच्या आत ते फिरवलं नाही तर दोघंही जाणार होती.

"बाई, मला ओळखता येतं, पण करता यायचं नाही," तो म्हणाला. "माझ्या हाताला हत्तीच्या पोटाची सवय. इथे मुरलेली सुईणच हवी. मी घेऊन येतो."

"आत गेलेला कुणी परत येत नाही हो," आत्या म्हणाली.

"मी येतो."

नगरातली जाणती सुईण वसुला आपल्या घराच्या दारातच बसली होती. "आठ दिवस पोटली बांधून बसलेय," ती कडाडली. "तटापलीकडून ओरडणं ऐकू येतं मला. जेवण जात नाही. चला!"

दोघं वेशीवर आली. द्वारपाल कोंडिल आडवा झाला, पण त्याचा आवाज पडलेला होता. तो हळूच म्हणाला, "वैद्यबुवा, बाईला हत्तिणीच्या पाल्यासाठी नेतोय म्हणा. मी दार उघडतो. मला काही ठाऊक नाही."

वसुला म्हणाली, "म्हणा ना, काय जातंय!"

बोधिसत्त्वाने मान हलवली. "खोटं बोलून आज एक दार एकदाच उघडेल. उद्या अडलेल्या बाईसाठी कोण खोटं बोलणार? कोंडिला, या हुकुमाची दवंडी कधी झाली?"

"झालीच नाही."

"मग ती करू या. वसुले, इथून हलू नकोस."

वेशीला लागूनच गजशाळा होती. मंगलेला कळा सुरू झाल्या होत्या आणि राजा स्वतः तिच्याजवळ येऊन बसला होता. शेजारी पिंगल होता. बोधिसत्त्व चौकातल्या दवंडीवाल्याला हाताला धरून तिथे घेऊन आला.

"सोमिला, होतास कुठे?" राजा ओरडला. "मंगला बघ!"

"महाराज, मंगला दोनदा व्यालेली आहे. तिची जागा उबदार आहे, माहूत तिच्या उशाशी आहेत. ती निभावेल. पण आपल्या एका हुकुमाची दवंडी राहून गेली आहे. मजकूर मी आणलाय. पसंत असेल तर हा आत्ता पुकारेल."

आणि तो खड्या आवाजात म्हणाला, "ऐका हो ऐका! महाराजांची हत्तीण मोकळी होईपर्यंत तटाखालच्या कोणत्याही बाईला सुईण मिळणार नाही. बाई अडली तर अडू द्यावी. मेली तर मरू द्यावी. मूल मेलं तर तेही मरू द्यावं. महाराजांचा हुकूम आहे हो!"

दवंडीवाल्याने ढोल खाली ठेवला. "हे मी पुकारणार नाही," तो म्हणाला. "माझी सून दिवसांत आहे."

"मी असं कधी म्हणालो?" राजाचा चेहरा पडला.

"तसं नव्हे, महाराज," पिंगल घाईघाईने म्हणाला. "फक्त शुभकार्य होईपर्यंत थोडं सांभाळून..."

"मग शब्द तुम्ही द्या, अमात्य," बोधिसत्त्व म्हणाला. "गोड शब्द द्या. पण अर्थ हाच निघाला पाहिजे, कारण बाहेर दोन बाया याच अर्थाने मेल्या आहेत आणि तिसरी मरते आहे."

पिंगल मजकूर जुळवायला लागला. दरबारात तासन्‌तास बोलणारा माणूस, त्याला एक वाक्य सुचेना!

राजा म्हणाला, "आणि मंगलेला काही झालं तर?"

"तर माझं डोकं घ्या. सोयर लागलं म्हणून मला आत घेतलं नाहीत, तर मी तटाखाली राहीन. पण चौकात मोठ्याने सांगायला जो हुकूम लाजतो, तो दारावर चालवू नका."

राजाने मंगलेवरचा हात काढला आणि तो उठला. मग म्हणाला, "दार उघडा."

अर्धी गजशाळा रिकामी करून बाळंतिणींना आणि आजारी पोरांना तिथे आणलं. मंगलेच्या चुलीवरचं पाणी, मंगलेचं तेल, सगळं त्यांच्या कामी आलं. वसुलेने हात धुतले, आतले शिव्याशापही मोकळे केले आणि मूल फिरवलं. उन्हं कलायच्या आत उत्पलेला मुलगी झाली. पोरगी अशी काही रडली की पलीकडे मंगलेने सोंड वर केली. मग तीही सुखरूप व्याली. सोयर तिला लागलं नाही. तिला काय त्याचं!

दुसऱ्या दिवशी चार चौकांत दवंडी झाली. महापूर असो की लढाई, दार उघडलं की सर्वांआधी सुईण आणि बाळवैद्य बाहेर जातील, असा तो हुकूम होता. त्याआधी दोन नावं पुकारली गेली, नीवा आणि सागला. गेलेल्या बायांची नावं तोवर कुणी विचारली नव्हती. बोधिसत्त्वाने विचारली होती.

ही कथा सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांची जुळणी केली. "तेव्हाचा दृढवर्मा म्हणजे आजचा उपासक धनंतर. द्वारपाल कोंडिल म्हणजे स्थविर उत्तिक. वसुला ही आपली भिक्षुणी सुभूमा, अजून तशीच कडाडते. उत्पलेची मुलगी ती ही, समोर बसलेली. आणि गजवैद्य सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी करुणा आणि सत्य या दोन पारमिता, म्हणजे परिपूर्ण गुण, साधल्या. एकीवाचून दुसरी त्या दारातून बाहेर पडली नसती."

एका भिक्षूने विचारलं, "भगवन्‌, आणि त्या दोघी? नीवा आणि सागला?"

शास्त्याने विहाराच्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाला, "त्या पुन्हा जन्मल्या आहेत. आजही एका तटाखालीच बसल्या आहेत. कथा संपली, उठा आता. दार उघडून बघा."