सगुणेचा सैल हत्ती

नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची बाई राहायची. क्रोशाच्या सुईने ती लोकरीची खेळणी विणायची. पाय, कान, सोंड वेगवेगळं विणून त्यात कापूस भरायचा आणि मग सगळं जोडायचं, या कामात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. कापूस ती इतका ठासून भरायची, की तिचा हत्ती चारही पायांवर ताठ उभा राहायचा आणि वर उचललेली सोंड वरच राहायची. जत्रेत लोक थांबून बघायचे. सगुणेला त्याचा मोठा अभिमान होता.

एकदा गावचा नावाडी तिच्याकडे आला. त्याची बायको तापाने गेली होती आणि तेव्हापासून त्याची लहानगी मैना झोपेतून दचकून उठायची. तिला कुशीत घ्यायला काहीतरी करून दे, असं तो म्हणाला. सगुणेने जीव ओतून हत्ती केला.

काही दिवसांनी ती त्यांच्या घरी डोकावली. हत्ती फळीवर दिमाखात उभा होता आणि मैना बापाचा जुना सदरा गुंडाळून छातीशी धरून बसली होती.

"हत्ती आवडला नाही का गं?" सगुणेने विचारलं.

"आवडला. पण मी जवळ घेतलं, की तो मला ढकलतो."

सगुणेला ते फार लागलं. आजवर तिच्या खेळण्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. हत्ती काखोटीला मारून ती घरी आली. सैल केला तर हा उभा राहणार नाही, मग लोक म्हणतील, सगुणेचा हात बिघडला. त्यापेक्षा हा जत्रेत मांडावा आणि पोरीला दुसरं काही द्यावं, असं तिच्या मनात आलं.

मग तिने सहज हत्ती गालाशी धरला. तो धोंड्यासारखा लागला. इतकी खेळणी केली, पण एकही आपण कधी कुशीत घेऊन पाहिलं नाही, हे तिला तेव्हा कळलं.

तिने शिवण उसवली. दाबून बसलेला कापूस काढला, बोटांनी पिंजून मोकळा केला आणि थोडाच परत भरला. मान तर अर्धी रिकामीच ठेवली. पुन्हा जोडल्यावर हत्ती मटकन खाली बसला आणि सोंड पोटावर आली.

तो घेऊन मैनेकडे जाताना वाटेत विहिरीवरच्या बायका हसल्या. हत्ती आजारी पडला का, म्हणून एकीने विचारलंही. सगुणेचे कान तापले, पण ती थांबली नाही.

मैनेने हत्ती घेतला. त्याची मान तिच्या कोपराच्या खोबणीत अलगद बसली. त्याच्या पोटात तोंड खुपसून ती भरदुपारी गाढ झोपली. नावाडी वल्हं घेऊन दारात आला, लेकीकडे बघत राहिला आणि वाजू नये म्हणून त्याने वल्हं हळूच भुईवर ठेवलं.

त्या वर्षी जत्रेत सगुणेने सैल हत्तीच मांडले. मोठी माणसं बघून पुढे गेली, पण मुलं तिथून हलेनात.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याच्या कुशीचं माप घ्यावं, बघणाऱ्यांच्या नजरेचं नव्हे.