कीटकस्तंभनाची पोथी

पोथी कोठारात एकवीस दिवस मोठ्याने वाचली, तरी धान्यातला एकही सोंडा किडा मेला नाही, म्हणून नरहरपंतांचा उजवा अंगठा कापायचं ठरलं. आता धान्यातल्या सोंड्यांशी पंतांच्या अंगठ्याचा काय संबंध, असं शहाण्या माणसाला वाटेल. पण तशी माणसं दरबारात कमी होती, आणि जी होती ती गप्प बसण्याइतकी शहाणी होती.

घडलं होतं ते असं. राजा रणधवलाला मंत्रतंत्राच्या पोथ्यांचा भारी सोस. गावातल्या शाळेला छप्पर नव्हतं, पण वशीकरणाच्या, गुप्तधनाच्या, अदृश्य होण्याच्या पोथ्यांना भिंतभर सागवानी कपाट होतं. वशीकरणाची पोथी तीनदा वाचूनही रुसून माहेरी गेलेल्या राणीसाहेब परतल्या नव्हत्या, हा भाग निराळा.

यंदा कपालबुवा नावाचा मांत्रिक कीटकस्तंभनाची पोथी घेऊन आला. ही पोथी जिथे असेल तिथून चार कोसांत कीड फिरकत नाही, असं तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. लिहिलेलं खोटं कसं असेल? राजाने कोठारातला कडुनिंबाचा सगळा पाला त्याच दिवशी बाहेर फेकायला लावला. मूळ पोथी गुरुघराण्याबाहेर जात नाही, म्हणून बुवाने फक्त नक्कल करू दिली. तेवढ्यापोटी पाच दुभत्या म्हशी आणि एक आमराई पदरात पाडून घेतली.

नक्कल केली नरहरपंतांनी. पंतांचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव दुधासारखा. चार महिन्यांत कोठारातलं निम्मं धान्य पोखरलं गेलं, तेव्हा राजाने बुवाला जाब विचारला. बुवा जराही गडबडला नाही. नकलेत एक चूक झाली आहे, असं त्याने सांगून टाकलं. कुठे, ते आपण सांगितलं तर मंत्राचं तेज जाईल, ज्याने केली त्यानेच ती शोधायला हवी. राजाने पंतांना तीन दिवस दिले. तोवर चूक सापडली नाही, तर ज्याच्यामुळे लेखणी चालते तो अंगठाच काढायचा.

पंतांनी नक्कल घरी आणली. लिहितानाच तीन वेळा ताडून पाहिलेली ती पोथी, तीत चूक असेल तर सापडेल ना! दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या सकाळी ते आपल्या अंगठ्याकडे बघत बसले, तेव्हा त्यांच्या मुलीला, येसूला, रडूच आलं. आईवेगळी पोर होती ती, वडिलांच्या त्या अंगठ्यावर वाढलेली.

येसू पोथ्यांची बासनं शिवायची, आणि कसर लागू नये म्हणून प्रत्येक बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. या एका पोथीची पुरचुंडी मात्र पंतांनी तिला परत दिली होती. आज तिने पोथी हातात घेतली, तर पानांतून एक कसर निघाली आणि तिच्या बोटावरून चालत गेली. येसू क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "अण्णा, उठा. चूक सापडली."

दरबारात तिने एकच मागणं मागितलं. बुवांनी मूळ पोथी आणून नकलेशेजारी ठेवावी. बुवाने नाक मुरडलं. दीक्षा नसलेल्याने ती अक्षरं वाचली तर डोळे जातात, पंतांना नकलेपुरती सूट दिली होती, म्हणाला.

"मी एकही अक्षर वाचणार नाही," येसू म्हणाली. "नुसती बासनं सोडायची."

बुवाने नाइलाजाने मूळ पोथी मागवली. आधी नकलेचं बासन सुटलं. पानांची चाळण झाली होती, आणि उजेड पडताच कसरींची पळापळ सुरू झाली. मग मूळ पोथीचं काळं बासन सुटलं. पानं नवी करकरीत, एका भोकाचं नाव नाही.

"पाहिलंत महाराज?" बुवा गरजला. "ही खरी पोथी! हिच्या वाऱ्याला कीड उभी राहत नाही."

येसूने काळं बासन उचलून झटकलं. त्यातून एक पुरचुंडी टपकन राजाच्या पायाशी पडली, आणि दरबारभर वेखंडाचा वास सुटला.

"हीच ती चूक, महाराज," येसू म्हणाली. "मूळ पोथीत वेखंड आहे, नकलेत नाही. मी पुरचुंडी दिली होती. पण चार कोसांतली कीड पळवणाऱ्या पोथीला वेखंड लावणं म्हणजे तिचा अपमान, असं म्हणून अण्णांनी ती परत केली. अण्णांनी पोथीवर विश्वास ठेवला. बुवांनी ठेवला नाही."

उग्र वास देवतेला आवडतो, असं काहीतरी बुवा पुटपुटला. येसूने नकलेतली एक कसर चिमटीत धरून त्याच्यासमोर चौरंगावर सोडली आणि मूळ पोथी वाचून एवढी एकच पळवून दाखवायची विनंती केली. बुवाने खाकरून मंत्र सुरू केला. कसर दोन पावलं चालली, थांबली, आणि सावकाश बुवाच्या बाहीत शिरली.

राजाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याला बाहेर फेकलेला पाला आठवला, म्हशी आठवल्या, एकवीस दिवस घसा कोरडा करून वाचलेले मंत्र आठवले, आणि तो आसन धरून हसत सुटला. राजाच हसतोय म्हटल्यावर दरबारही हसला. बुवाला चाळण देऊन कोठारात बसवण्यात आलं. शेवटचा सोंडा वेचून होईपर्यंत उठायचं नाही! म्हशी गोठ्यात परतल्या, आमराई नरहरपंतांच्या नावे झाली.

राजाने कपाटांच्या किल्ल्या येसूच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "आजपासून आमची ग्रंथशाळा तू सांभाळ, पोरी. एकूणएक पोथीत वेखंड ठेव."

"ठेवते, महाराज. फक्त मंत्रांच्या सागवानी कपाटात नको."

"का बरं?"

"त्या एवढ्या सामर्थ्याच्या पोथ्या. त्यांची काळजी त्या घेतील."

राजा पुन्हा हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि वेखंडाविनाच त्याने त्या कपाटाचं दार ओढून घेतलं. दोन पावसाळ्यांत पोथ्यांचा भुगा झाला आणि शाळेच्या छपराला सागवान मिळालं. राणीसाहेब मात्र त्याआधीच, कोणी मंत्र न म्हणता, माहेरून परत आल्या होत्या.